पूर ओसरल्यावर ढासळणारा काठ : सिरोंचा आणि मेडीगड्डा बॅरेज

सिरोंचा तालुक्यात गोदावरीच्या डाव्या काठाने चालत गेलं की एके ठिकाणी बैलगाडीची वाट सरळ हवेत जाऊन थांबते. दोन चाकोऱ्या, मधे गवताचा पट्टा, आणि पुढे दोन पुरुष खोल कडा. मी गेलो तेव्हा कड्याच्या तोंडाशी ठिबकची काळी नळी लोंबत होती, तिचाच तुटलेला तुकडा खाली वाळूत पडला होता. उभ्या कापात मातीचे थर मोजता येत होते : वर काळी माती, मग पिवळसर गाळ, मग वाळू, पुन्हा गाळ. वाळूच्या थरातून पाण्याचे बारीक ओघळ अजून झिरपत होते. शेताचा बांध कुठे होता असं विचारलं, तर सोबतच्या शेतकऱ्याने पाण्याकडे बोट दाखवलं. सात-बाऱ्यावर तिथे आजही शेत आहे.

जमीन पुरात गेली असं आपण गृहीत धरतो. या काठावरची माणसं वेगळं सांगतात. पूर आला तेव्हा जमीन पाण्याखाली होती, पण जागेवर होती. ती गेली पाणी उतरल्यावर. माझ्या मते मेडीगड्डा बॅरेजचं, म्हणजे इथे गोदावरी अडवणाऱ्या दरवाज्यांच्या बंधाऱ्याचं, सगळं प्रकरण या एका तपशिलात आहे, आणि तो समजून घ्यायचा तर आधी सिरोंचा कुठे आहे ते नीट पाहावं लागेल.

सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. जिल्ह्याचं ठाणं दोनशे किलोमीटरहून लांब, मधे आलापल्लीचं जंगल. गाव प्राणहितेच्या डाव्या काठावर वसलंय. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, ती जेमतेम ११३ किलोमीटर वाहते आणि सिरोंच्याच्या खाली गोदावरीला मिळते. लांबीवर जाऊ नये. तिचं खोरं सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे गोदावरी खोऱ्याचा तिसरा हिस्सा. संगमावर उन्हाळ्यात उभं राहिलं की हे डोळ्यांनी कळतं. वरून येणारी गोदावरी धरणांनी अडवलेली, पात्रात नुसती वाळू पसरलेली. भरून वाहते ती प्राणहिता. समोरच्या तीरावर कालेश्वरम, तिथल्या देवळात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं. आणखी पूर्वेला सोमनूरजवळ इंद्रावती येऊन मिळते, आणि पलीकडे बस्तर सुरू होतं. एका तालुक्यात दोन संगम आणि तीन राज्यांच्या सीमा.

इथे घरात तेलुगू, शाळेत मराठी, रानात गोंडी किंवा माडिया. बाजारात दुकानदाराला 'अन्ना' म्हणून हाक मारतात. मिरची वरंगळच्या बाजारात जाते, दुखणं वाढलं तर माणूस वरंगळ किंवा मंचेरियाल गाठतो, कारण गडचिरोलीपेक्षा ते सोयीचं पडतं. राज्याची सीमा नदीच्या मधोमध आहे, पण लोकांचं जगणं दोन्ही काठांवर पसरलेलं आहे. पूल झाले अलीकडे. त्याआधी पिढ्यान् पिढ्या डोंगा होता.

सिरोंचा सीमेवर आलं कसं, ही गोष्ट या प्रकरणाच्या मुळाशी आहे. १८६० पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. त्या वर्षीच्या तहात निजामाने गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांना दिले आणि बदल्यात रायचूर दुआब, नळदुर्ग हे प्रदेश परत घेतले. इंग्रजांना या जंगलात रस का? त्यांना नदी हवी होती. वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातला कापूस बैलगाड्यांवर मुंबईला न्यायचा, की गोदावरीतून पूर्व किनाऱ्याला उतरवायचा, हा तेव्हाचा मोठा प्रश्न. धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन जलमार्गाच्या बाजूचे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरचा कापूस तुटला, तेव्हा या योजनेला जोर चढला. अप्पर गोदावरी नावाचा नवा जिल्हा झाला आणि त्याचं ठाणं सिरोंचा. ग्लासफर्ड हे इथले डेप्युटी कमिशनर. त्यांच्या काळातला बंगला नदीकाठी विश्रामगृह म्हणून अजून ओळखला जातो.

नदीत तीन ठिकाणी खडकांचे अडथळे होते : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि सिरोंच्याच्या वर प्राणहितेत देवलमरी. ते कालवे आणि झडपा बांधून ओलांडायचे होते. काम दहा वर्षं रखडत चाललं, तापाने माणसं मेली, तोवर रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये योजना सोडून दिली. १८७४ मध्ये जिल्हाच मोडला. खालचे तालुके मद्रास इलाख्यात गेले, सिरोंचा चांद्याला जोडलं गेलं. नदीसाठी ज्याला राजधानी केलं, ते गाव नदीचा बेत फसल्यावर तालुक्याचं ठिकाण होऊन शेवटच्या टोकाला उरलं.

हा इतिहास उगाळण्याचं कारण आहे. त्यानंतरही या पाण्यावर बेत होतच राहिले, आणि दरवेळी एका काठाचा लाभ आणि दुसऱ्या काठाचं नुकसान यांची बेरीज वेगवेगळ्या वहीत मांडली गेली. १९८० मध्ये गोदावरी पाणीतंटा लवादाचा निवाडा आला. त्यानंतर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरच्या भोपालपट्टणम धरणांची चर्चा तापली. बाबा आमटे आणि इथले आदिवासी त्याविरुद्ध उभे राहिले, कारण बुडणार होतं ते जंगल आणि माडियांची गावं. ती धरणं झाली नाहीत. मग आंध्र प्रदेशाची प्राणहिता-चेवेल्ला योजना आली. तिचं बॅरेज तुम्मिडीहट्टीला, म्हणजे प्राणहिता जिथे जन्मते तिथेच, १५२ मीटर पातळीचं. महाराष्ट्राने बुडिताला हरकत घेतली. तिथे चपराळा अभयारण्य आणि चामोर्शीकडची सुपीक शेती होती. हरकत योग्यच होती. तेलंगण राज्य झाल्यावर योजना नव्याने आखली गेली आणि बॅरेज खाली सरकलं, दोन्ही नद्यांच्या संगमाखाली मेडीगड्डाला. २३ ऑगस्ट २०१६ रोजी दोन्ही राज्यांचा करार झाला. मेडीगड्डाची पूर्ण संचय पातळी, म्हणजे पाणी जास्तीत जास्त जिथवर साठवायचं ती उंची, १०० मीटर ठरली.

म्हणजे वरच्या तालुक्यांचं बुडित टळलं आणि खालच्या तालुक्याच्या वाट्याला नवी पातळी आली. ही अदलाबदल झाली तेव्हा सिरोंच्यात त्याची सविस्तर चर्चा झाली असती तर बरं झालं असतं. करारात पातळी होती. काठ नव्हता.

मेडीगड्डा बॅरेज सुमारे १.६ किलोमीटर लांब, ८५ दरवाज्यांचं. एक टोक तेलंगणात, दुसरं सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीच्या बाजूला. साठा १६.१७ अब्ज घनफूट. इथून पाणी पंपाने उचलून अन्नाराम, सुंदिल्ला या बॅरेजमधून मागे मागे येल्लमपल्लीपर्यंत न्यायचं, म्हणजे नदी उलटी चालवायची, अशी ही कालेश्वरम उपसा योजना. लाभक्षेत्र सगळं तेलंगणात. २१ जून २०१९ रोजी उद्घाटन झालं, महाराष्ट्राचे मुख्यमंत्रीही मंचावर होते.

पोचमपल्ली हे नाव भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळ्याच कारणाने माहीत असतं. प्राणहितेच्या काठावर कोटा नावाचं गाव आहे, त्यावरून इथल्या जुरासिक खडकांना कोटा थर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथल्या चुनखडीत माशांचे जीवाश्म सापडले, आणि १९६० च्या सुमारास पोचमपल्लीजवळ एका प्रचंड शाकाहारी डायनोसोरची हाडं निघाली. नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय : मोठ्या पायांचा, आणि रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षाची आठवण म्हणून टागोराय. तो सांगाडा आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. वडधमच्या जंगलात दगड झालेली झाडाची खोडं पडली आहेत, हात लावला तर वर्षवलयं लागतात. हे सगळं टिकलं ते नदीच्या गाळामुळे. कोट्यवधी वर्षांपूर्वीही इथे नद्या गाळ टाकत होत्या, आणि आजचा काठही तसाच गाळ आणि वाळूचा आहे, खडकाचा नव्हे. मेडीगड्डाच्या गोष्टीत हे दोनदा आडवं येतं : एकदा काठाखाली आणि एकदा बॅरेजच्या पायाखाली.

आता तो तपशील. नदीचं पाणी चढलं की काठाच्या मातीत मुरतं. गाळ आणि वाळूचा काठ स्पंजासारखा पाणी पितो आणि जड होतो. पण समोरून नदीचं पाणी त्याला रेटून धरत असतं, म्हणून तो उभा राहतो. नैसर्गिक पूर सावकाश उतरतो, मातीतलं पाणीही सावकाश निचरून जातं. पातळी झपाट्याने खाली आली तर समोरचा रेटा एकदम जातो, आणि आतून भिजून जड झालेला काठ पुढे कोसळतो. आधी काठापासून हात-दोन हात आत एक भेग पडते. गुराख्याला ती पहिल्यांदा दिसते. दुसऱ्या दिवशी भेगेपुढचा सगळा पट्टा झाडांसकट खाली. स्थापत्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे शिकवलेलं असतं. मातीच्या धरणाचं पाणी म्हणूनच एकदम सोडत नाहीत. नदीच्या काठासाठी हा विचार करारात कुठे करायचा, हे मात्र कोणाचंच काम नव्हतं.

त्यात दुसरी गोष्ट. अडवलेल्या पाण्यात वाळू खाली बसते. दरवाज्यातून बाहेर पडणारं पाणी हलकं आणि जोरदार असतं, ते खालच्या पात्रातली आणि काठाची वाळू उचलून नेतं. बॅरेजच्या खाली राहणाऱ्यांची तक्रार ही आहे, आणि बॅरेजच्या वर राहणाऱ्यांची तक्रार फुगवट्याची : शेतात शिरलेलं पाणी वेळेत उतरत नाही, नाल्यांची तोंडं तुंबतात, कापूस आणि मिरचीची मुळं कुजतात. मिरचीचं पीक इथे फार नाजूक हिशेबाचं असतं. रोप पावसाळा सरता सरता लावायचं, तोडणी हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत. बियाणं, औषध, मजुरी सगळं आधी घालायचं आणि पैसा शेवटी. ऑगस्ट-सप्टेंबरात चार दिवस जास्त पाणी राहिलं की वर्ष गेलं. ज्यांची गाळपेर होती, म्हणजे पाणी उतरत जाईल तसतशी नदीच्या ओल्या गाळात पेरलेली भाजी आणि कलिंगडं, त्यांचा तर कागदच नव्हता. नुकसान मांडायचं कुठे?

जुलै २०२२ मध्ये मोठा पूर आला. सिरोंच्याची नदीकाठची गावं हलवावी लागली, पलीकडे योजनेचं कन्नेपल्लीचं पंपगृहच पाण्यात गेलं. इतक्या पावसात पूर बॅरेजशिवायही आला असता, हे मी मान्य करतो. सगळा दोष दरवाज्यांवर टाकणं सोपं आहे आणि ते खरं नाही. पण पाणी किती उंचीला किती दिवस राहिलं आणि कोणत्या वेगाने उतरलं, या दोन प्रश्नांत दरवाज्यांचा वाटा आहे, आणि नेमकी ही माहिती काठावरच्या माणसाकडे नसते. दरवाजे कधी उचलायचे, कधी टाकायचे हा निर्णय नदीपलीकडे होतो.

त्या हिवाळ्यात सिरोंच्यात बारा गावांच्या शेतकऱ्यांनी साखळी उपोषण केलं. काही जमीन सुरुवातीला संमतीने थेट विकत घेतली गेली होती, उरलेली वर्षानुवर्षं मोजणी, प्रस्ताव आणि दराच्या वादात अडकली होती. मागणी साधी होती : जमीन संपादित करा आणि भरपाई द्या. इथे मला एक अडचण दिसते, आणि ती शेतकऱ्यांना कमी लेखून मांडत नाही. भरपाईचा कायदा बुडित क्षेत्र ओळखतो. रेषेच्या आत असाल तर प्रकल्पग्रस्त, बाहेर असाल तर काही नाही. ढासळणारा काठ मात्र रेषेबाहेरही ढासळतो आणि दरवर्षी आणखी आत सरकतो. अशा शेतकऱ्यासाठी उरतो तलाठ्याचा पंचनामा. 'खरडून गेलेली जमीन' या नावाखाली मिळणारी मदत ही नैसर्गिक आपत्तीची मदत आहे, ती एकदाच मिळते, आणि ती घेतली की नुकसानीचं कारण निसर्ग असं कागदावर ठरून जातं.

आणि मग २१ ऑक्टोबर २०२३. शनिवारी संध्याकाळी बॅरेजकडून मोठा आवाज आला. बॅरेजच्या सातव्या ब्लॉकमधले, म्हणजे सातव्या भागातले, खांब खचले, वरचा रस्ता वाकला. बॅरेजवरून दोन्ही राज्यांत ये-जा होत होती, ती बंद झाली. साठा सोडून द्यावा लागला.

राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने पाहणी केली. सोप्या भाषेत सांगायचं तर बॅरेज वाळूवर टाकलेल्या जाड काँक्रीटच्या तराफ्यावर उभं होतं, आणि तराफ्याखालून पाण्याबरोबर वाळू वाहून गेली. खाली पोकळी झाली आणि वरचे खांब बसले. नियोजन, रचना, कामाचा दर्जा, देखभाल, सगळीकडे दोष असल्याचं समितीने म्हटलं. पुढे न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांचा चौकशी आयोग नेमला गेला, जुलै २०२५ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि त्यावर हैदराबादला राजकारण पेटलं. चौकशीचा विषय होता तीन बॅरेज कशी आखली, कशी बांधली, कशी सांभाळली. डाव्या काठाचं काय झालं हा तिचा विषय नव्हता. सातव्या ब्लॉकखालची वाळू गेली तिची राष्ट्रीय बातमी झाली. त्याच वाळूचा, त्याच पाण्याने नेलेला सिरोंच्याचा काठ तालुक्याच्या कचेरीतल्या फायलीत राहिला.

बॅरेज रिकामं झाल्यापासून नदी पुन्हा नदीसारखी वागते आहे, दरवाजे उचललेले आहेत. काहींनी गाळपेर पुन्हा सुरू केली. भोई समाजातल्या लोकांशी बोलताना झिंग्यांचा विषय हमखास निघतो. गोदावरीचा झिंगा खाडीजवळच्या मचूळ पाण्यात वाढीला लागतो आणि पिल्लं प्रवाहाविरुद्ध वर चढत येतात. वाटेतला प्रत्येक बांध त्यांच्यासाठी दार लावल्यासारखा. या नदीचं जंगलही असंच लांबचं नातं धरून आहे. प्राणहिता अभयारण्य काठाने पसरलंय, सिरोंचा वनविभागातच कोलामार्काला रानम्हशींचा महाराष्ट्रातला शेवटचा कळप आहे, आणि ती जनावरं इंद्रावतीपलीकडच्या रानाशी जोडलेली आहेत. राज्याची सीमा त्यांनाही लागू नाही.

बॅरेज दुरुस्त होईल, बहुधा वापरातही येईल. त्यात इतका पैसा गेला आहे की ते तसंच सोडून देणं कुठल्याच सरकारला जमणार नाही. म्हणून आत्ताचा रिकामा काळ सिरोंच्यासाठी मोलाचा आहे, आणि या काळात महाराष्ट्राच्या बाजूने काय करायला हवं ते मला स्पष्ट दिसतं. पोचमपल्लीपासून आसरअल्लीपर्यंतच्या काठाची मोजणी आत्ता, कोरड्या पात्रात व्हायला हवी, म्हणजे पुढे किती गेलं ते सिद्ध करता येईल. २०१९ च्या आधीची उपग्रह छायाचित्रं उपलब्ध आहेत, त्यावर सात-बाऱ्याच्या हद्दी बसवून पाहणं जिल्हा प्रशासनाला अवघड नाही. दुरुस्तीनंतरच्या परवानगीत १०० मीटरच्या आकड्याबरोबर दुसरा आकडा लिहून घ्यायला हवा : पातळी एका दिवसात जास्तीत जास्त किती उतरवायची. याला पैसा लागत नाही, दरवाजे टप्प्याटप्प्याने हलवावे लागतात. आणि दरवाजे हलवण्याआधीची सूचना नदीकाठच्या गावांना थेट, तेलुगू आणि मराठी दोन्हींत मिळायला हवी. ती आधी दोन राजधान्या आणि मग एक जिल्हा फिरून येऊ नये.

यातली पहिली गोष्ट पुढच्या पावसाळ्याआधी उरकली तरी पुष्कळ होईल. मोजणीचे खुंट काठापासून जरा आत ठोकावे लागतील. अगदी काठावर ठोकले तर ते राहणार नाहीत.